प्रयोगशाळेत सकाळी पहिलं कोण येतं?

वैविध्यपूर्ण, सुरक्षित आणि शाश्वत कार्यस्थळ. संशोधन संस्थांच्या नोकरीच्या जाहिरातींत, वार्षिक अहवालांत, झालंच तर गेटजवळच्या फ्लेक्सवरही ही तीन विशेषणं आता ठरलेली असतात. आत गेलं की त्यांची तीन खात्यांत वाटणी झालेली दिसते. वैविध्य एचआरकडे, सुरक्षा सेफ्टी ऑफिसरकडे, आणि शाश्वतता म्हणजे पाच जूनला झाड लावणं, ते ॲडमिनकडे. तिन्ही खाती एकमेकांना मेल पाठवतात आणि तेवढ्यावर भागतं.

माझ्या मते हे तीन विषय नाहीतच. प्रश्न एकच आहे: संस्थेत घेतलेल्या निर्णयाचा धोका शेवटी कोणाच्या अंगावर येतो, आणि तो निर्णय होताना त्या माणसाला तोंड उघडायला जागा असते का?

नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने टीटीसीचा, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीकचा औद्योगिक पट्टा पसरलाय. एकेकाळी हा नुसता केमिकलवाल्यांचा भाग होता. आता त्यात औषध कंपन्यांची संशोधन केंद्रं आहेत, टेस्टिंग लॅब आहेत. पुढे खारघरला कर्करोगावर काम करणारं ॲक्ट्रेक, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थान. सकाळी सातच्या सुमाराला ट्रान्स हार्बरची गाडी रबाळे-घणसोलीला थांबते तेव्हा उतरणाऱ्यांत हाउसकीपिंगच्या बायका असतात, पाळी बदलायला आलेले सिक्युरिटी गार्ड असतात, लॅब अटेंडंट असतात. साहेब मंडळी साडेनऊ-दहाला येतात. म्हणजे रात्रभर बंद असलेल्या प्रयोगशाळेचं दार उघडल्यावर आतली हवा पहिल्यांदा जिच्या नाकात जाते, ती बाई बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते, संस्थेच्या नसते.

आता एक अगदी नेहमीचा प्रसंग घ्या. संध्याकाळी काम संपवताना कुणीतरी नायट्रिक ॲसिडचा उरलेला भाग वेस्टच्या बाटलीत ओततो. त्या बाटलीत आधीच कुणीतरी थोडं अल्कोहोल किंवा ॲसिटोन टाकलेलं असतं. बाटलीवर नुसतं ‘वेस्ट’ लिहिलेलं. बूच घट्ट लावलं, दिवे बंद केले, सगळे घरी गेले. नायट्रिक ॲसिड आणि सेंद्रिय द्रावकं यांचं जमत नाही. अभिक्रिया हळूहळू सुरू होते, वायू तयार होतो, बाटलीला फुगता येत नाही. ती पहाटे कधीतरी फुटते. किंवा फुटायच्या बेतात असताना कुणीतरी टेबल पुसायला येतं.

एका ठिकाणी पाहणी करताना मी सफाईच्या मावशींना विचारलं, “ही बाटली कसली, माहितेय का?”

“नाही मॅडम. सरांनी हात लावू नको सांगितलंय, म्हणून भोवतालनं पुसून घेते.”

हीच त्यांची सेफ्टी ट्रेनिंग. त्यात मावशींची चूक काहीच नाही, उलट मिळालेली सूचना त्यांनी तंतोतंत पाळली. संस्थेच्या कागदावर मात्र ‘सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मावशी कर्मचाऱ्यांच्या यादीत नव्हत्याच.

हातमोजे शेवटी येतात

सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड ठरलेली आहे. धोकाच काढून टाकता आला तर सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर घातक वस्तूच्या जागी कमी घातक वस्तू आणायची, जसं पाऱ्याचा थर्मामीटर काढून डिजिटल आणायचा. तेही शक्य नसेल तर यंत्राने अडवायचं. फ्यूम हूड, म्हणजे काचेचा पडदा असलेलं आणि वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट, त्यासाठीच असतं. मग नियम, प्रशिक्षण, पाट्या. आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, गॉगल, ॲप्रन. शेवटी एवढ्यासाठी, की वरचं सगळं फसलं तरच त्यांची वेळ यावी. आपल्याकडे सुरुवातच हातमोज्यांनी होते, कारण ते स्वस्त असतात आणि फोटोत दिसतात.

हातमोज्यांवर भिस्त ठेवली तर काय होतं, त्याचं उदाहरण 1996 सालचं आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि विषारी धातू हाच त्यांचा अभ्यासाचा विषय होता. ऑगस्टमध्ये काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. काम फ्यूम हूडमध्ये चाललं होतं आणि हातात लेटेक्सचे मोजे होते. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सगळं बरोबर होतं. पुढच्या जानेवारीत बोलणं अडखळायला लागलं, तोल जायला लागला. जून 1997 मध्ये त्या गेल्या. वय 48. नंतर चाचण्या झाल्या तेव्हा कळलं की ते रसायन लेटेक्समधून पंधरा सेकंदांच्या आत आरपार जातं. याच वेटरहान यांनी 1990 साली विद्यार्थिनींना विज्ञानाकडे आणणारा उपक्रम आपल्या कॉलेजात सुरू करायला हात लावला होता. ‘तुम्ही काळजी घेतली नाही’ हे वाक्य अपघातानंतर फार लवकर उच्चारलं जातं. वेटरहान यांच्याबद्दल ते कुणालाच म्हणता आलं नाही, म्हणून नियम बदलले.

दुसरं उदाहरण लिफ्टमधलं. द्रवरूप नायट्रोजन आपल्याकडे खेड्यापाड्यातही ओळखीचा आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर जी धुरकट वाफ सोडणारी टाकी घेऊन येतात, त्यात तोच असतो, उणे 196 अंशांचा. प्रयोगशाळेत पेशींचे नमुने साठवायला तो लागतो. सगळ्यांना भीती वाटते ती हात भाजण्याची. खरा धोका वेगळा आहे. एक लिटर द्रव उडाला की त्याचा साधारण 700 लिटर वायू होतो. लिफ्टची पेटी दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, सव्वादोन मीटर उंच धरली तर आत हवा असते पाच हजार लिटर. दहा लिटर नायट्रोजन सांडला तर वायू होतो सात हजार लिटर. म्हणजे श्वास घ्यायला काही उरतच नाही. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. शिवाय गुदमरल्याची जाणीव शरीराला होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. त्यामुळे माणसाला काही कळायच्या आत दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. मोठ्या खोलीतही धोका संपत नाही. चार बाय पाच मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या बंद खोलीत तेवढाच नायट्रोजन सांडला तर ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून साडेअठराच्या आसपास येतो. धोक्याची रेषा 19.5 टक्क्यांची मानतात.

उपाय फुकटचा आहे. टाकी लिफ्टमध्ये एकटी पाठवायची. खाली एकाने ठेवायची, वर दुसऱ्याने उतरवून घ्यायची, आणि मधल्या मजल्यावर कुणी चढू नये म्हणून दारात साखळी आणि पाटी लावायची. ती पाटी मराठीत आणि हिंदीतही हवी, कारण ती टाकी ढकलणारे अटेंडंटदादा असतात, पीएचडी झालेले सर नव्हेत. आणि ‘एकट्याने नेणार नाही, दुसरा माणूस द्या’ असं त्या दादांना सरांना म्हणता आलं पाहिजे. इथे सुरक्षेचा विषय संपतो आणि मानमरातबाचा सुरू होतो.

जाता जाता, डोळे धुण्याच्या नळाबद्दल. डोळ्यात रसायन उडालं तर दहा सेकंदांत तिथे पोचता यावं आणि सलग पंधरा मिनिटं पाणी मिळावं, असा दंडक आहे. आपल्या पट्ट्यात हा नळ गच्चीवरच्या टाकीला जोडलेला असतो. एमआयडीसीचा पाण्याचा शटडाऊन असला की टाकी रिकामी, आणि मे महिन्यात भर दुपारी त्याच नळाला चहाला चालेल असं पाणी येतं. आठवड्यातून एकदा नळ सोडून बघायचा असतो. मी विचारते, शेवटचा कधी सोडला होता? उत्तर हमखास येतं, “मॅडम, ऑडिटच्या वेळी.”

कोण आहे, आणि कोण बोलू शकतं

वैविध्य म्हटलं की आपण मोजायला लागतो. बायका किती, आरक्षित जागा किती भरल्या, दिव्यांग किती. मोजणं आवश्यकच आहे, त्याशिवाय संस्था जागच्या हलत नाहीत. पण मोजदाद दारात होते आणि खरी गोष्ट आत घडते.

कमला सोहोनींची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही, दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष अजमावून बघण्यापुरतं, आणि त्यांच्यामुळे वातावरण बिघडता कामा नये. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. विज्ञान विषयात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला त्यातली अट जास्त बोचते. आत घेतलं, पण ‘आमच्या सोयीला बाधा न आणता राहा’ असं बजावून घेतलं. अशा अटी आज कुणी लिहून देत नाही, पण ॲप्रनचे माप पुरुषांचे, हातमोजे फक्त मोठ्या आणि मध्यम आकाराचे, स्वच्छतागृह दोन मजले खाली, आणि ग्रुप मीटिंग संध्याकाळी साडेसहाला, हे सगळं मिळून तीच अट होते. सैल हातमोज्यात बाटली निसटते, हे तर साधं सुरक्षेचं गणित आहे.

गरोदरपणाचं बघा. किरणोत्सारी पदार्थांबरोबर काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट आहे, तीही पाच वर्षांची सरासरी धरून (मिलिसिव्हर्ट म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक). गरोदरपण कळवल्यानंतर गर्भासाठीची मर्यादा होते उरलेल्या काळासाठी फक्त 1 मिलिसिव्हर्ट. नियम चोख आहे. पण तो ‘कळवल्यानंतर’ लागू होतो. प्रकल्प हातातून जाईल, फेलोशिपचं नूतनीकरण अडेल, अशी भीती असेल तर मुलगी तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगणार नाही, आणि नेमके तेच महिने सगळ्यात नाजूक असतात. इथे सुरक्षा शिशाच्या भिंतीवर अवलंबून राहत नाही. सांगितल्यावर गाइडचा चेहरा कसा होतो, यावर अवलंबून राहते. तिला आधीच लेखी सांगितलेलं असेल की काम बदलून मिळेल, पेपरवरचं नाव जाणार नाही, तरच ती वेळेवर सांगेल. 26 आठवड्यांची पगारी रजा आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, या गोष्टी 2017 पासून कायद्यात आहेत. पाळणाघराच्या खोलीत फायली ठेवलेल्या किती ठिकाणी पाहिल्या, ते विचारू नका.

आता लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल जरा सविस्तर, कारण संशोधन संस्थेत याची गाठ वेगळी बसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालातून मार्गदर्शक तत्त्वं आली आणि 2013 मध्ये कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य संस्थेबाहेरची व्यक्ती. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची. कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, इंटर्न, रोजंदारीवरची बाई, सगळ्या या कायद्यात येतात. संस्थेने दिलेली बससुद्धा कामाचीच जागा धरली जाते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इथे आपल्याकडचा घोळ लक्षात ठेवा: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, तळोजा, पनवेल रायगडमध्ये. म्हणजे नवी मुंबई एक असली तरी एकीला ठाण्याला जावं लागेल आणि दुसरीला अलिबागला.

गाठ कुठे बसते? ऑफिसात वरिष्ठ बदलता येतो, नोकरी बदलता येते. पीएचडीच्या विद्यार्थिनीला गाइड सहजासहजी बदलता येत नाही. फेलोशिपच्या कागदावर त्याची सही, प्रबंधावर त्याची सही, आणि पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्रही त्याचंच. म्हणून नियमांत एक तरतूद आहे, जी फार थोड्या मुलींना ठाऊक असते. चौकशी चालू असताना तक्रारदार लेखी मागणी करू शकते की समोरच्याने माझ्या कामाचं मूल्यमापन करू नये, माझा गोपनीय अहवाल लिहू नये. शिक्षण संस्थेत असेल तर माझ्या अभ्यासावर देखरेखही करू नये. समितीने तशी शिफारस केली की संस्थेला ती अमलात आणावी लागते. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर लावणाऱ्या संस्थांनी या तरतुदीचीही चार ओळींत माहिती तिथेच लावावी. पाटी तीच, कागद एक जास्त.

दिव्यांग आणि तृतीयपंथी सहकाऱ्यांसाठी समान संधीचं धोरण लिहून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. धोरण कपाटात असतं. आगीचा भोंगा ऐकू न येणाऱ्यासाठी लुकलुकणारा दिवा भिंतीवर आहे का, हे बघितलं की धोरणाचा अंदाज येतो.

मागच्या दाराने काय जातं

शाश्वततेत वीज सगळ्यात मोठी. प्रयोगशाळेतला उणे 80 अंशांचा जुना फ्रीझर दिवसाला वीसेक युनिट खातो. महिन्याला सहाशे. एसी नसलेल्या साध्या घरात महावितरणच्या बिलावर याच्या पाव ते एक तृतीयांश युनिट असतात, आणि मोठ्या संस्थेत असे फ्रीझर डझनांनी असतात. बऱ्याच नमुन्यांना उणे 70 चालतं. दहा अंश वर आणले तर वीज चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने वाचते. पण हे बटण कोण दाबणार? आतले निम्मे डबे पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचे असतात, त्यावर पुसट झालेली आद्याक्षरं, आणि फेकायला कुणी धजत नाही. वीज वाचवायची सुरुवात इथे यादी करण्यापासून होते. फ्यूम हूडचंही तसंच. काच वर करून ठेवणं म्हणजे एसी लावून दारं-खिडक्या सताड उघडी टाकणं. गार केलेली हवा पंखा सरळ बाहेर फेकतो. काम झालं की काच खाली. खर्च शून्य, आणि आत काही उडालं तर चेहराही वाचतो.

प्लास्टिकवर बोलण्यासारखं खूप आहे, पण ते सगळीकडे बोललं जातं. मी बेसिनकडे वळते. बेसिनात ओतलेलं द्रावक डोळ्यांसमोरून जातं, पण कुठेच जात नाही. टीटीसीतलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून शेवटी ठाणे खाडीत पोचतं. तीच खाडी, जिच्यात फ्लेमिंगो उतरतात म्हणून आपण ऐरोलीला बोटीत बसून फोटो काढतो. 2022 पासून ती रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सांडपाणी पचवतात, पण क्लोरोफॉर्मसारखी द्रावकं त्यांनाच मारतात. म्हणून घातक कचरा वेगळा, नावनिशीवार, 90 दिवसांच्या आत तळोज्याच्या विल्हेवाट प्रकल्पाकडे पाठवायचा असतो.

तो नीट गेला नाही तर धोका कोणाकडे जातो, हे दिल्लीच्या मायापुरीने 2010 मध्ये दाखवलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ असलेलं एक विकिरण यंत्र होतं, 1985 पासून न वापरलेलं. विभागाने जुनं सामान म्हणून ते लिलावात काढलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते कापलं गेलं. कोबाल्ट-60 चं अर्धआयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचं. म्हणजे पंचवीस वर्षांत किरणोत्सार मूळच्या चार टक्क्यांच्या आसपासच उरला होता. तेवढाही पुरला. एकाचा जीव गेला, आणखी काही जण रुग्णालयात गेले. सगळे भंगाराच्या धंद्यातले. ज्यांनी विभागासाठी यंत्र विकत घेतलं, वापरलं, लिलावाच्या कागदावर सह्या केल्या, त्यांच्यापैकी त्यात कुणीही नव्हतं.

यावर इलाज आहे, पण तो प्रकल्प संपताना सुचून उपयोग नाही. संशोधनाचा प्रस्ताव लिहितानाच रसायनं आणि यंत्रं विकत घेण्याच्या रकमेशेजारी त्यांची विल्हेवाट लावण्याची रक्कम लिहायला हवी. नाहीतर तीन वर्षांनी अनुदान संपतं, गाइड निवृत्त होतात आणि बाटल्या तिथेच राहतात. हाउसकीपिंगच्या निविदेतही तेच. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं, आणि प्रशिक्षणाचा तास पगारी धरलेला नसेल तर बायका थांबत नाहीत, कारण अकराला त्यांना दुसऱ्या इमारतीत पोचायचं असतं. तो तास कोणाच्या खिशातून येणार, हे निविदा काढणाऱ्या साहेबांनीच अटींमध्ये लिहायला हवं, आणि कंत्राटदार बदलला की नव्या माणसांसाठी तो पुन्हा धरायला हवा.